तलफ लागते ती कोवळ्या वयात

तंबाखूचे व्यसन हे मोठ्यांचे व्यसन समजले जाते. प्रत्यक्षात ते बहुतेकांना शाळा-कॉलेजच्या वयातच जडते. १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात देशातील ८.५ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण ५.१ टक्के होते. त्याहून काळजीचा आकडा वयाचा आहे. देशभरात, एकदा तरी सिगारेट ओढलेल्या मुलांपैकी ३८ टक्क्यांनी, विडी ओढलेल्यांपैकी ४७ टक्क्यांनी आणि तंबाखू चघळलेल्यांपैकी ५२ टक्क्यांनी सुरुवात दहावे वर्ष पूर्ण होण्याआधीच केली होती.

धूर कमी, पुडी जास्त

महाराष्ट्रात तंबाखू ओढण्यापेक्षा खाण्याचे प्रमाण कितीतरी जास्त आहे. २०१६-१७ च्या प्रौढांच्या सर्वेक्षणानुसार राज्यात ३.८ टक्के लोक धूम्रपान करत होते, तर २४.४ टक्के लोक धूर नसलेली तंबाखू वापरत होते. चुना लावून मळलेली तंबाखू, मावा, विदर्भातला खर्रा, गुटखा ही तिची रूपे. घरोघरी दात घासायला वापरली जाणारी मिश्री म्हणजेही भाजून कुटलेली तंबाखूच. आजी किंवा आई मिश्री लावते म्हणून मुलीही लावतात आणि त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. पालक मुलाच्या तोंडाला सिगारेटचा वास येतो का हे पाहतात. गालात धरलेला बार मात्र त्यांच्या नजरेतून सुटतो.

कुळगाव-बदलापूर पट्ट्यातील खरवईसारख्या भागात हे सारे एकाच रस्त्यावर येते. मूळ गाव, औद्योगिक वसाहत आणि नव्या इमारती इथे शेजारी शेजारी आहेत. जिथे कारखान्यांच्या पाळ्या चालतात तिथे चहाची आणि पानाची टपरी असतेच. त्याच रस्त्याने मुले शाळेला, क्लासला आणि पुढे लोकल पकडायला जातात. मोठ्या माणसांचे विसाव्याचे ठिकाण हीच मुलांची व्यसनाशी पहिली ओळख ठरते.

मेंदूत काय घडते

सिगारेटच्या धुरातले निकोटिन फुप्फुसांतून रक्तात शिरते आणि १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. एका सिगारेटमधून शरीराला साधारण १ ते दीड मिलिग्रॅम निकोटिन मिळते. चघळण्याच्या तंबाखूत चुना हेच काम दुसऱ्या वाटेने करतो. तो तंबाखूचा अल्कधर्मीपणा वाढवतो आणि त्यामुळे निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने शोषले जाते. मेंदूत ते अ‍ॅसिटिलकोलिन या नैसर्गिक रसायनासाठी असलेल्या ग्राहींना चिकटते आणि डोपामिन स्रवते. त्यातून क्षणभर तरतरी आणि बरे वाटण्याची भावना येते.

वारंवार निकोटिन मिळू लागले की मेंदू या ग्राहींची संख्या वाढवतो. रक्तातील निकोटिन दर दोन तासांनी साधारण निम्मे होते. ते उतरले की रिकाम्या ग्राहींची मागणी सुरू होते. चिडचिड, बेचैनी, अभ्यासात लक्ष न लागणे, झोप बिघडणे ही तिची लक्षणे; हीच तलफ. ‘सिगारेटने ताण जातो’ या समजाचे मूळ इथे आहे. जो ताण गेल्यासारखा वाटतो, त्यातला बराचसा आधीच्या सिगारेटने निर्माण केलेला असतो.

किशोरवयात धोका वाढतो, कारण मेंदूचा परिणामांचा विचार करणारा आणि आवेग आवरणारा पुढचा भाग पूर्ण विकसित व्हायला पंचविशी उजाडते. सुखाला प्रतिसाद देणारी यंत्रणा मात्र त्याआधीच जोरात असते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये जोसेफ डिफ्रँझा यांनी १२-१३ वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. रोज ओढण्याची सवय लागण्यापूर्वीच, काहींमध्ये तर सुरुवातीच्या काही आठवड्यांतच, अवलंबित्वाची लक्षणे त्यांना दिसली. ‘कधीतरीच ओढतो, केव्हाही सोडीन’ हा मुलांचा भरवसा म्हणूनच फसवा ठरतो.

शरीराची हानी

निकोटिन सवय लावते. कर्करोग मुख्यतः धुरातील आणि तंबाखूतील इतर घटकांमुळे होतो. सिगारेटच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने असतात आणि त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगकारक आहेत. किशोरवयात फुप्फुसांची वाढ चालू असते. धूम्रपानाने ती मंदावते आणि धाप लवकर लागते. गुटखा आणि माव्यातील सुपारीने तोंडातील त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. तीन बोटे उभी तोंडात जात नसतील, तर दंतवैद्याला दाखवणे गरजेचे असते, कारण हा विकार कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकतो. ई-सिगारेटही निर्धोक नाही. तिच्यातील निकोटिनचे क्षार घशाला टोचत नाहीत, त्यामुळे नवखा मुलगाही जास्त मात्रा सहज ओढतो.

कायदा कागदावर कडक

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखू विकण्यास बंदी आहे. दंड २०० रुपयांपर्यंत. याउलट २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाखाली मुलाला तंबाखू देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ई-सिगारेटचे उत्पादन, विक्री आणि जाहिरात २०१९ पासून देशभर बेकायदा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुट्या सिगारेटी आणि विड्या विकण्यास मनाई केली. मुलांच्या दृष्टीने हा नियम फार मोलाचा आहे. पूर्ण पाकीट खिशातल्या पैशांत बसत नाही, एक सिगारेट बसते. शिवाय सुट्या सिगारेटबरोबर पाकिटाच्या ८५ टक्के भागावरचा इशाराही हातात येत नाही.

शाळांसाठी केंद्राच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. शाळेच्या आवारात तंबाखूबंदीचे फलक, जबाबदार शिक्षक आणि विद्यार्थी यांची नेमणूक, तसेच १०० यार्डांवर पिवळी रेषा आखणे या गोष्टी त्यांत सांगितल्या आहेत. पण रेषा आखल्याने टपरी हलत नाही. त्यासाठी शाळा, पालिका आणि पोलीस यांची संयुक्त कारवाई सातत्याने व्हावी लागते.

सोडताना

सोडल्यावर त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराच ओसरतो. तलफेची एक लाट साधारण पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढा वेळ टाळणे, पाणी पिणे, दीर्घ श्वास घेणे, जागेवरून उठून दुसऱ्या कामाला लागणे हे उपाय साधे असले तरी उपयोगी आहेत. निकोटिनचे च्युइंग गम किंवा पॅच १८ वर्षांखालील मुलांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नयेत. त्यांच्यासाठी समुपदेशन हाच मुख्य उपचार आहे. पहिल्या प्रयत्नात यश न येणे हे या आजारात नेहमीचेच असते. पुन्हा सुरू झाले म्हणून उपचार संपत नाहीत.

पुडी सापडली की मारझोड करणे किंवा शाळेतून काढणे हा उपाय नव्हे; त्याने मूल लपवायला शिकते आणि मदतीपासून दुरावते. शिक्षा विकणाऱ्याला आणि उपचार मुलाला, हाच क्रम योग्य आहे. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक निःशुल्क असून तो प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. सुटी सिगारेट घेणाऱ्या मुलाला तो दिसत नाही, म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी तो त्याच्यापर्यंत पोहोचवावा.