गच्चीवरची मेथी आणि निळे पिंप

भोसरी-चाकण पट्ट्यात भंगाराच्या दुकानात निळे पिंप स्वस्तात मिळते. आडवे कापले, माती भरली की गच्चीवर मेथी-पालकाची सोय झाली. पण त्या पिंपात आधी काय होते, हे सहसा कुणी विचारत नाही. रंग, थिनर किंवा यंत्राचे तेल असेल तर नुसते विसळून भागत नाही. प्लॅस्टिकमध्ये मुरलेला अंश हळूहळू मातीत उतरू शकतो. जुन्या रंगात शिसेही असू शकते. ते कुजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांसाठी शिशाची एकही पातळी सुरक्षित मानता येत नाही. पालेभाज्या आणि मुळा-गाजरात त्याचा अंश जास्त सापडतो, टोमॅटो-वांग्यात कमी. मातीत भरपूर कंपोस्ट असेल तर शिसे बरेचसे तिथेच बांधले जाते. रस्त्याकडेच्या गच्चीवर पानांवरची धूळ हाही मोठा भाग, म्हणून भाजी दोन-तीन पाण्यांतून काढावी.

बारशाच्या दुपट्यालाही हाच प्रश्न लागू. आजीची जुनी सुती साडी इथे नव्या कापडापेक्षा सरस, कारण कारखान्यातले फिनिश धुऊन धुऊन निघून गेलेले असते. नवे कापड शिवण्याआधी धुवावे. टोपड्याला मणी मात्र नकोच. सुटला की तो थेट बाळाच्या तोंडात जातो.