केडगावचे मुक्ती मिशन

पुण्याहून लोहमार्ग दौंडकडे जातो. त्याच वाटेवर केडगाव. समाजसुधारक पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी काढलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात फिरल्या आणि उपासमारीने खंगलेल्या निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावात मुक्ती सदन, म्हणजेच आजचे मुक्ती मिशन, उभे राहिले. नुसता निवारा देऊन बाई थांबल्या नाहीत, हे सर्वांत मोलाचे. मुली शेती करीत, माग चालवीत, छापखान्यात खिळे जुळवीत. कन्या मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतरही इथल्याच छापखान्यात, बायकांच्या हातून छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. मिशन आजही निराधार स्त्रिया आणि मुलांना सांभाळते.