जुन्या मोटारीस जास्त दिवे जोडतांना

पुष्कळ बागाईतदार बंधूंकडे जुनी मोटार किंवा जीप असून माल वाहण्यासाठीं तिला ट्रेलर जोडलेला असतो. त्यास वळणाचे इशारा-दिवे लावले कीं ते कधीं भराभर लुकलुकतात, कधीं मंद पेटतात, तर कधीं लुकलुकतच नाहींत. अशा वेळीं बल्ब बदलीत बसण्यापूर्वीं दोषाचें मूळ शोधावें, असें आम्ही सुचवितों.

जुन्या गाडीचा फ्लॅशर बहुधा उष्णतेवर चालतो. प्रवाहानें आंतील तार अथवा पट्टी तापते व निवते, तसतसा दिवा लुकलुकतो. १२ व्होल्टच्या गाडींत २१ वॅटचे दोन बल्ब सुमारें ३.५ अँपिअर प्रवाह घेतात. तिसरा जोडतांच तो सुमारें ५.२५ होतो व फ्लॅशर घाई करूं लागतो. उलट एलईडी दिव्यांच्या अल्प प्रवाहानें तो पुरेसा तापतच नाहीं.

प्रथम ट्रेलरची तार सोडून पाहावी. गाडीचे दिवे नीट चालल्यास दोष नव्या जोडणींत आहे असें समजावें. मग मंद दिव्याच्या धातूच्या बैठकीपासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत तात्पुरती तार लावावी. उजेड वाढल्यास अर्थिंग कच्चें आहे. गंज व वंगण यांमुळें ट्रेलरच्या हुकावर विसंबूं नये. स्वतंत्र तार ओढावी. अर्थिंग पक्कें असूनहि गति चुकल्यास एकूण वॅटला साजेसा फ्लॅशर बसवावा; एलईडीस इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लागतो. फ्यूज जळाल्यास मात्र जाड फ्यूज घालूं नये. तारा पेट घेतील.

निघण्यापूर्वीं एकास मागें उभें करून दोन्ही बाजू पाहून घ्याव्या. रात्रीं मागून येणाऱ्याचा जीव त्या इशाऱ्यावर अवलंबून असतो.