परदेशी व देशी छापणीच्या गायनतबकड्या : मोल आणि पाठ

जुन्या पोथ्यांच्या व कागदपत्रांच्या जोडीनें अलीकडे पुष्कळ संग्राहकांच्या कपाटांत लाखेच्या गायनतबकड्यांनाही जागा मिळूं लागली आहे. हें योग्यच झालें. ज्या गायकांविषयीं लेखी पुरावा चार ओळींपलीकडे मिळत नाहीं, त्यांचा प्रत्यक्ष कंठस्वर या तबकड्यांत तीन मिनिटें कां होईना, शिल्लक आहे. परंतु पोथीची जशी कसून परीक्षा होते तशी तबकडीची होत नाहीं. बाजारांत एकच नियम रूढ होऊन बसला आहे, तो असा कीं, तबकडी जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं छापलेली असेल तर मागेल तें मोल द्यावें, आणि कलकत्त्याची असेल तर ती कोणासही देऊन टाकावी. हा नियम कितपत खरा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आम्ही स्वतः या नियमास एकदां बळी पडलों असल्यामुळें हा विचार मांडणें आमचें कर्तव्यही आहे.

प्रथम तबकडी कशी तयार होत असे हें ध्यानांत घेतलें पाहिजे. गायक कर्ण्यासमोर गाई व त्याचा नाद मेणाच्या चकतीवर कोरला जाई. त्या मेणावर विद्युत्क्रियेनें धातूचा थर चढवून उलटा ठसा घेत, आणि त्या ठशानें लाखेचें ऊन मिश्रण दाबून तबकड्या काढीत. या मिश्रणांत लाखेबरोबर दगडाची पूड, कापसाचे तंतू व काजळी असे. आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर मेण ही कर्त्याची स्वहस्तप्रत, ठसा ही आदर्शप्रत आणि तबकडी ही नक्कल होय. मात्र एक मोठा भेद आहे. लेखक नक्कल करतांना चुकतो, गाळतो, पदरचें घालतो. ठसा तसें कांहींच करीत नाहीं. एकाच ठशाच्या वंशांतील तबकड्या हॅनोव्हरास निघोत कीं कलकत्त्यास निघोत, त्यांचा पाठ एकच असणार. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीवर उभें आहे.

हिंदी भाषांतील पहिल्या तबकड्या १८९९ सालीं लंडन येथें तेथल्या हिंदी रहिवाशांकडून म्हणवून घेतल्या गेल्या. हिंदुस्थानांत येऊन ध्वनिमुद्रण करण्याचें काम ग्रामोफोन कंपनीतर्फे फ्रेड गायस्बर्ग यानें १९०२ सालच्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास सुरू केलें. कांहीं आठवड्यांत त्यानें पांचशेंहून अधिक मुद्रणें घेतलीं. प्रख्यात गायिका गौहर जान हिचीं मुद्रणें त्यांतलींच. हीं मेणें पेट्यांत भरून हॅनोव्हरास रवाना झालीं. तेथें एमिल बर्लिनर याचा बंधु जोसेफ यानें १८९८ सालीं काढलेला कारखाना होता. तेथें ठसे होऊन तबकड्या छापल्या गेल्या व गलबतानें परत येऊन १९०३ सालीं येथील दुकानांत विक्रीस लागल्या.

येथें एक मौज सांगण्यासारखी आहे. तबकडीचा प्राण जी लाख, ती बिहार, बंगाल व मध्यप्रांत येथील पळस, कुसुंब, बोर या झाडांवर किड्यांपासून निपजे. म्हणजे हिंदुस्थानची लाख युरोपांत जावी, हिंदुस्थानचें गाणें मेणावर चढून तिच्या मागोमाग जावें, तेथें दोघांची गांठ पडावी, आणि तो जोड विलायती माल म्हणून पुन्हा आपल्याच बंदरांत उतरावा ! या दुहेरी प्रवासाचा भार गिऱ्हाइकावर पडे हें उघड आहे.

आतां मोलाकडे वळूं. त्या काळीं विलायतेंत सात इंची तबकडी अडीच शिलिंगांस, दहा इंची पांच शिलिंगांस व नामांकित गवयांची तांबड्या चिठ्ठीची दहा इंची तबकडी दहा शिलिंगांस मिळे. १८९९ सालापासून रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स असा होता. त्या हिशेबानें हे आंकडे अनुक्रमें १ रुपया १४ आणे, ३ रुपये १२ आणे आणि ७ रुपये ८ आणे असे होतात. हे भाव विलायतेंतील होत. येथें येणाऱ्या मालावर गलबताचें भाडें, विमा, वाटेंतील फूट व जकात यांचा खर्च वेगळा चढे. जकातीचा सामान्य दर १८९४ सालापासून शेकडा ५ होता. तो १९१६ सालीं साडेसात, १९२१ सालीं ११ व १९२२ सालीं १५ झाला. लाखेची तबकडी वजनानें जड आणि स्वभावानें ठिसूळ. ती जितकी दुरून आणावी तितकी महाग पडणार.

म्हणून १९०८ सालीं कंपनीनें कलकत्त्यास सियालदह येथें स्वतःचा छापकारखाना उघडला; पुढें १९२८ सालीं तो दमदम येथें गेला. परंतु सियालदहच्या कारखान्यांत प्रथम केवळ छापणी होई. मेणें परदेशीं जात, ठसे तिकडून तयार होऊन येत, आणि येथें लाख दाबली जाई. यावरून ज्यास बाजार 'देशी' म्हणून हलकें लेखतो, त्याची आदर्शप्रत बहुधा परदेशींच घडलेली असे, हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

याच सुमारास दुसरा एक मोठा फरक घडून आला. हॅनोव्हरच्या आरंभींच्या तबकड्या एकेरी असत. पुढच्या अंगावर गाणें व पाठीवर लेखणीनें वर्तुळ रेखणाऱ्या देवदूताचें चिन्ह एवढेंच असे. १९०८ च्या आसपास दुहेरी तबकड्यांचा प्रघात पडला. विलायतेंत त्या वर्षीं 'ट्विन' नांवाची दहा इंची दुहेरी तबकडी अडीच शिलिंगांस मिळूं लागली. सहा वर्षांपूर्वीं त्याच पैशांत सात इंची एकेरी तबकडी, म्हणजे सुमारें दोन मिनिटांचें गाणें मिळत असे. आतां तीन तीन मिनिटांचीं दोन गाणीं, म्हणजे तिप्पट गायन मिळूं लागलें. कलकत्त्याच्या छापणींत जुन्या एकेरी ठशांतील दोन दोन गाणीं पाठीला पाठ लावून पुन्हा काढण्यांत आलीं. तेव्हां गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें देशी तबकडी स्वस्त तर होतीच, पण तिच्यांत मजकूरही दुप्पट होता.

या दोन छापण्यांत पाठाचा फरक कोठें पडतो व कोठें पडत नाहीं, हें आतां क्रमानें सांगतों.

पहिला प्रकार असा कीं, गाण्याचें नांव एक व ठशाचा क्रमांकही एक. हा क्रमांक चिठ्ठीजवळच्या गुळगुळीत भागांत कोरलेला असतो. तो चिठ्ठीवर छापलेल्या यादीच्या क्रमांकाहून निराळा. ठशाचे क्रमांक जुळले कीं गायन एकच समजावें. मग भेद राहतो तो केवळ लाखेच्या प्रतीचा व ठशाच्या झिजेचा. नव्या ठशाची प्रत स्वच्छ वाजते, झिजलेल्याची खरखरते. हॅनोव्हरची प्रत आधींची म्हणून बहुधा स्वच्छ. पण ती शंभर वर्षें पोलादी सुयांखालीं घासली गेली असेल तर न वाजवलेली कलकत्त्याची प्रतच अधिक वाचनीय ठरते.

दुसरा प्रकार असा कीं, गाण्याचें नांव एक पण ठशाचा क्रमांक वेगळा. हा खरा पाठभेद होय. गायकानें तेंच गाणें दुसऱ्या वेळीं म्हटलेलें असतें. आलाप, ताना, कधीं अंतराही निराळा असतो. कंपनीची अशीही रीत होती कीं, एखाद्या गाण्याचें मुद्रण पुन्हा घेतलें तर यादींतील क्रमांक तोच ठेवून त्यापुढें 'एक्स' हें अक्षर जोडावें. हें अक्षर सहज नजरेंतून सुटतें. तें सुटलें कीं दोन स्वतंत्र गायनें एक समजून त्यांतील एक आपण घालवून बसतों.

तिसरा प्रकार चिठ्ठीचा. कंपनीच्या जुन्या यादींत दहा हजारांपासूनचे क्रमांक पौर्वात्य गायनासाठीं राखलेले होते, व त्यांत बारा हजारांचे पुरुषांस, तेरा हजारांचे स्त्रियांस दिलेले असत. चिठ्ठीवरील नांव पुसलें असतांही गाणारा पुरुष कीं स्त्री हें एवढ्यावरून कळतें. दुहेरी छापणींत यादीची पद्धत बदलली व ही खूण नाहींशी झाली. येथें परदेशी प्रतीचें महत्त्व निर्विवाद आहे.

चौथा प्रकार स्वनामोच्चाराचा. गाणें संपतांच गायिका आपलें नांव सांगते, हें पुष्कळांनीं ऐकलें असेल. गौहर जान तर तें इंग्रजींत सांगते. हॅनोव्हरच्या कारागिरांस कोणाचें मेण कोणतें हें कळावें म्हणून ही योजना होती, असा याचा उलगडा देतात. पोथीच्या शेवटीं जशी पुष्पिका, तसाच हा उच्चार. जुन्या ठशांवरून निघालेल्या देशी प्रतींत तो जसाच्या तसा उतरतो. कारण ठसा कांहींच गाळीत नाहीं.

आतां आमच्या चुकीची हकीकत. सुमारें सात वर्षांपूर्वीं एका संग्राहक स्नेह्यांनीं एकाच गाण्याच्या दोन प्रती आम्हांस दाखविल्या. एक हॅनोव्हरची एकेरी, दुसरी कलकत्त्याची दुहेरी. त्यांस पैशांची निकड होती व एक विकावयाची होती. आम्हीं ठशाचे क्रमांक ताडून पाहिले, ते जुळले. तेव्हां मोठ्या आत्मविश्वासानें आम्हीं सांगितलें कीं, पाठ एकच आहे, आदली प्रत ठेवा, दुसरी द्या. त्यांनीं तसें केलें. दुहेरी तबकडीच्या पाठीवर त्याच बाईंचें दुसरें एक गाणें होतें, याकडे आम्हीं लक्षच दिलें नाहीं. पुढें त्या बाईंच्या गायनाची यादी करूं लागलों तेव्हां त्या दुसऱ्या गाण्याची एकेरी प्रत कोठेंच सांपडेना. आजतागायत सांपडलेली नाहीं. घेणाराही परगांवचा, त्याचा ठावठिकाणा कोणास ठाऊक नाहीं. पोथीचीं पानें दोन्ही बाजूंनीं वाचावीं हें आम्ही चाळीस वर्षें विद्यार्थ्यांस शिकवीत होतों. प्रसंग आला तेव्हां स्वतःच विसरलों. स्नेह्यांनीं आम्हांस एका शब्दानें दोष दिला नाहीं, म्हणून तो येथें आम्हीच आमच्या पदरीं घेतों.

इतर कंपन्यांच्या मालाविषयीं दोन शब्द. ओडियन कंपनीच्या तबकड्या जर्मनींत छापून येत. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि तो ओघ आटला. अशा मालाला देशी प्रतच नसल्यानें येथें निवडीचा प्रश्न उरत नाहीं. जी मिळेल ती जपावी. पाथे कंपनीच्या तबकड्यांत नाद आडवा न कोरतां खोलीच्या चढउतारानें कोरलेला असे, व त्यांस पोलादी सुईऐवजीं नीलमण्याची टोंच लागे. कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस यांनीं नळकांड्यांवर घेतलेलीं मुद्रणें पुढें या कंपनीमार्फत तबकड्यांवर उतरलीं. अशा तबकडीवर साधी सुई ठेवल्यास गाणें तर ऐकूं येत नाहींच, उलट रेघा कायमच्या बिघडतात.

मोलाचें चक्र उलटें फिरल्याचेंही एक उदाहरण आहे. विलायतेंत ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६० च्या सुमारास बंद पडल्या. बीटल्स या गायकवृंदाची पहिली तबकडी १९६२ च्या ऑक्टोबरांत पार्लोफोनच्या शिक्क्याखालीं निघाली ती ४५ फेऱ्यांचीच. परंतु हिंदुस्थानांत खेडोपाडीं किल्लीचीं यंत्रें चालू होतीं. म्हणून दमदमच्या कारखान्यानें त्याच वृंदाचीं गाणीं ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर छापलीं. गीत तेंच, गायन तेंच. परंतु असें रूप विलायतेंत मुळींच निघालें नसल्यामुळें आज तेथील संग्राहक या देशी तबकड्यांसाठीं विलायती प्रतीच्या कित्येक पट मोल मोजतात. यावरून मोल हें दुर्मिळतेचें माप आहे, पाठाच्या योग्यतेचें नव्हे, हें स्पष्ट होतें.

तात्पर्य एवढेंच कीं, तबकडी हातीं येतांच दोन्ही अंगांवरील ठशाचे व यादीचे क्रमांक, चिठ्ठीचा रंग व मजकूर, छापणीचें ठिकाण, आणि शेवटीं नामोच्चार आहे कीं नाहीं, हें सर्व टिपून ठेवावें. मगच किंमतीची भाषा करावी. मायकेल किनियर यांनीं १९०८ पर्यंतच्या मुद्रणांची जी सूची १९९४ सालीं प्रसिद्ध केली, तिच्याशीं हीं टिपणें ताडून पाहतां येतात. मुंबईस १९९० सालीं स्थापन झालेल्या तबकडीसंग्राहकांच्या संस्थेनेंही या बाबतींत पुष्कळ वाट मोकळी केली आहे. फुटकी तबकडीसुद्धां टाकूं नये. क्रमांक वाचतां येतो तोंवर ती पुरावा आहे.

आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहांत कलकत्ता छापणीच्या जुन्या दुहेरी तबकड्या असतील त्यांनीं त्या एकदां उलटून पाहाव्या व दोन्ही अंगांचें टिपण मंडळाकडे पाठवावें, अशी विनंती आहे. हरवलेलें तें एक गाणें कोणाच्या तरी कपाटांत तोंड खालीं करून पडलेलें असेल, अशी आशा आम्हीं अद्याप सोडलेली नाहीं.