पेढीचे पोर्टल आणि मालाची वर्गवारी

सुरतेत पांडेसऱ्यालगतच्या बमरोलीत यंत्रमागांवर विणलेले कोरे कापड, व्यापारी बोलीत ‘ग्रे’, रंगाईस जाते. तेथून पुढे एकाच थानास अनेक नावे पडतात. कोणी त्यास जॉर्जेट म्हणतो, कोणी केवळ डिझाइन-क्रमांकाने ओळखतो. पेढीवर जाणता मुनीम असला की हे निभावते. पोर्टलास मुनिमाची स्मृती नाही. धुळे-जळगावचा दुकानदार तेथे एक शब्द टाकतो. तो आपल्या यादीत नसेल, तर गोदामात पडलेला मालही त्याच्या लेखी नाहीच!

कराची वर्गवारी येथे अपुरी पडते. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या सूचीत कृत्रिम अखंड धाग्याचे विणीव कापड ५४०७ या शीर्षकाखाली येते. परंतु ग्राहक ५४०७ मागत नाही, लग्नाची साडी मागतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे पैलू पृथक् नोंदविण्याची रीत घालून दिली. तीच येथे उपयोगी पडावी. धागा, वीण, रंग, पन्हा, उपयोग यांस स्वतंत्र रकाने द्यावेत, नावे ठरवून घ्यावीत आणि बोलीतील पर्यायी शब्द त्यांस जोडावेत. हे काम एकट्या संगणक-तंत्रज्ञावर न सोडता जुन्या मुनिमास शेजारी बसवावे, असे आम्हांस वाटते. कोणते गिऱ्हाईक कोणत्या नावाने माल मागते, हे त्यालाच ठाऊक असते.