रक्ताचा थेंब आणि टिपकागद

मूल जन्मले, रडले, दूध प्यायले की घरची मंडळी निश्चिंत होतात. ते स्वाभाविकही आहे. परंतु काही विकार असे आहेत की ते पहिल्या दिवशी बालकाच्या अंगावर दिसत नाहीत. आणि दिसू लागतात तेव्हा उपायाची वेळ टळून गेलेली असते. फेनिलकीटोनुरिया हा त्यांपैकीच एक होय.

आपल्या अन्नातील प्रथिनांपासून शरीरात अ‍ॅमिनो आम्ले सुटी होतात. एका आम्लाचे दुसऱ्यात रूपांतर करण्याचे काम विकरे करतात. एखादे विकर जन्मतःच निकामी असले तर काय होईल? पाटाचे दार अडकले म्हणजे वरच्या अंगाला पाणी तुंबते आणि खालचे शेत कोरडे राहते. शरीरातही तसेच घडते. इंग्लंडातील डॉ. आर्चिबाल्ड गॅरॉड ह्यांनी १९०८ मध्ये आपल्या व्याख्यानांतून अशा विकारांना चयापचयातील जन्मजात चुका म्हटले. फेनिलकीटोनुरियात फेनिलअ‍ॅलॅनीन हे आम्ल तुंबते आणि वाढत्या मेंदूचा घात करते.

१९३४ साली नॉर्वेतील एका मातेने बुद्धीची वाढ खुंटलेली आपली दोन मुले डॉ. फलिंग ह्यांना दाखविली. मुलांना चमत्कारिक वास येतो, ही तिची तक्रार त्यांनी हसण्यावारी नेली नाही. मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड घालताच ती हिरवी झाली आणि शोधाचा धागा हाती लागला. पुढे १९५३ मध्ये बर्मिंगहॅम येथे डॉ. बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी फेनिलअ‍ॅलॅनीन अत्यल्प असलेला आहार देऊन एका लहान मुलीत सुधारणा घडवून आणली.

म्हणजे कारण कळले होते, उपायही सापडला होता. अडचण वेळेची होती. झालेली हानी आहाराने भरून निघत नाही. तो पहिल्या काही आठवड्यांतच सुरू व्हावा लागतो. लघवीची परीक्षा मात्र बहुधा तोवर काहीच सांगत नसे.

ही अडचण अमेरिकेतील बफेलो शहरी काम करणाऱ्या डॉ. रॉबर्ट गथ्री ह्यांनी दूर केली. ते जंतुशास्त्रज्ञ होते. त्यांचा एक मुलगा अन्य कारणाने बौद्धिकदृष्ट्या अपंग होता, आणि त्यांच्या पत्नीच्या नात्यातील एका मुलीचा फेनिलकीटोनुरिया उशिरा ओळखला गेला होता. त्यांची युक्ती साधी होती. बालकाची टाच टोचून रक्ताचे थेंब टिपकागदावर घ्यावयाचे आणि वाळवावयाचे. प्रयोगशाळेत त्या कागदाची लहानशी चकती जंतू मिसळलेल्या खळीवर ठेवावयाची. खळीत जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य असते. परंतु रक्तात फेनिलअ‍ॅलॅनीन भरपूर असले तर जंतू त्या द्रव्याला न जुमानता चकतीभोवती वाढतात. जेवढे वलय मोठे, तेवढे आम्ल अधिक. वाळलेला कागद टपालाने कोठेही धाडता येई, हे त्यातले मोठे सोयीचे.

पहिल्या मोठ्या पाहणीत सुमारे ४ लाख बालके तपासली गेली, तेव्हा ३९ विकारग्रस्त सापडली. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ही तपासणी कायद्याने आवश्यक केली. कोणी म्हणेल, ३९ मुलांसाठी एवढा खटाटोप कशाला? पण ती ३९ कोणाची, हे आधी ओळखण्याचा दुसरा मार्गच नव्हता. म्हणून सर्वांना तपासावे लागते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अशा मुलाच्या जन्माचा बोल आपल्या समाजात बहुधा आईला लावला जातो. वस्तुतः हा दोष आई आणि बाप दोघांकडून आलेला असतो, आणि ती दोघेही स्वतः निरोगी असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याचा संभव चारांत एक असतो. आतेभाऊ-मामेबहीण अशा नात्यातील विवाहांत दोघांकडे तोच दोष असण्याचा संभव वाढतो.

आज नव्या यंत्रांच्या साहाय्याने त्याच थेंबांतून कित्येक विकार ओळखता येतात. गोवा राज्याने २००८ मध्ये नवजात बालकांसाठी अशी योजना सुरू केली होती. आपल्याकडे फेनिलकीटोनुरियापेक्षा जन्मजात थायरॉइड-न्यूनता अधिक आढळते. तीही बुद्धीची वाढ खुंटविते आणि तिच्यावर रोजची एक स्वस्त गोळी पुरते, मात्र ती वेळेवर सुरू झाली पाहिजे. म्हणून घरात बाळ जन्मले की बारशाच्या तयारीआधी डॉक्टरांना एवढे विचारावे: टाचेच्या रक्ताची तपासणी झाली काय?