चेन कुठल्या अंगाला पडते?

आज मी सायकलच्या चेनबद्दल बोलणार आहे. ‘हे काय बायकांचं काम?’ असं कुणी म्हणायच्या आत एक घडलेली गोष्ट सांगते.

माझ्या एका गटातल्या ताईंची लेक नववीत आहे. घर डोंगरातल्या वाडीवर, शाळा खाली 4 किलोमीटरवर. मामानं आपल्या मुलाची वापरलेली गिअरची सायकल तिला दिली. पोरगी खूश झाली. पण घरी येताना चढाला चेन पडायची, कधी कधी एका फेरीत तीनदा. हात काळे, गणवेश काळा. दुरुस्तीला नेली की चेन चढवून मिळायची, 20 रुपये जायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पावसाळ्यात एकदा ती घरी पोचली तेव्हा पूर्ण अंधार झाला होता. आजी म्हणाली, “आता बास झाली सायकल आणि बास झाली शाळा. पोरगी घरात येईस्तोवर जीव थाऱ्यावर नसतोय.”

आजीचं काय चुकलं? आपल्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. आज शाळा आहेत, पण वाडीपासून शाळेपर्यंतचा रस्ता मुलीला रोज पार करावा लागतो. तिथं एक चेनसुद्धा शिक्षण अडवू शकते.

आम्ही दोघी-तिघी सायकल घेऊन तालुक्याला एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “चेन कुठल्या अंगाला पडतीया?” आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. चेन चढवली सगळ्यांनी, पण कुठे पडते ते कुणीच बघितलं नव्हतं. मैत्रिणींनो, आजचा सगळा धडा याच प्रश्नात आहे. चेन पडली की लगेच हात घालू नका. आधी बघा : पुढच्या चाकावरून पडली की मागच्या? आतल्या बाजूला की बाहेरच्या?

आधी साधी, बिनगिअरची सायकल घेऊ. हिची चेन बहुतेक वेळा सैल झाल्यामुळे पडते. खालच्या बाजूची चेन मधोमध बोटानं वर-खाली करून बघा. साधारण अर्धा इंच हलावी. जास्त लोंबत असेल तर मागच्या चाकाचे दोन्ही नट थोडे सैल करा, चाक दोन्ही बाजूंनी सारखं मागे ओढा आणि नट आलटून पालटून घट्ट आवळा. चाक दोन दांड्यांच्या बरोबर मध्ये हवं. तिरकं बसलं तर ताणलेली चेनही पडते. मग पॅडल हळूहळू पूर्ण फिरवून बघा, चेन कुठे फार ताठ होत नाही ना. शेवटी ब्रेक तपासा, कारण चाक सरकलं की ब्रेकचं माप बदलतं.

चेन झिजली का, हे घरीच कळतं. 12 इंचांची स्टीलची पट्टी घ्या. पट्टीचा शून्य चेनच्या एका पिनेच्या मध्यावर धरा. तिथून पुढची 24 वी पीन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. ती एक सूतभर पुढे गेली असेल तर साध्या सायकलचीही चेन बदला; गिअरच्या सायकलला अर्ध्या सुतावरच बदललेली बरी. चाकाचे दाते काट्यासारखे टोकदार झाले असतील तर तेही बदलावे लागतात, नाहीतर नवी चेन त्यावर नीट बसत नाही.

आता गिअरची सायकल. हिच्यात चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग असतो, त्याला डिरेलर म्हणतात. पुढे एक, मागे एक. त्यानं चेन किती लांब ढकलायची, याची हद्द दोन छोटे स्क्रू ठरवतात. त्यांच्याजवळ बहुधा एच आणि एल ही इंग्रजी अक्षरं असतात.

चेन पुढे आतल्या बाजूला, दांडीकडे पडत असेल तर पुढचा एल स्क्रू आवळा. पुढे बाहेर, पॅडलकडे पडत असेल तर पुढचा एच. मागे आत, तारांकडे पडत असेल तर मागचा एल. हे दुखणं अंगावर काढू नका, कारण चेन तारांत अडकली की चाक जाम होतं. मागे बाहेरच्या बाजूला पडत असेल तर मागचा एच. प्रत्येक वेळी फक्त पाव फेरा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. मग चाक उचलून पॅडल फिरवा, सगळे गिअर टाकून बघा. लागलं तर आणखी पाव फेरा.

सायकल उजव्या अंगावर आपटली असेल तर मागचा डिरेलर ज्या पट्टीवर बसतो ती वाकते. मागून बघितलं की तो तिरका दिसतो. मग स्क्रू फिरवत बसू नका, कारागिराकडे न्या.

आमच्या पोरीची चेन पुढे आतल्या बाजूला पडत होती. पुढचा एल स्क्रू पाव फेरा, मग आणखी पाव. खर्च शून्य. पण कारागिरांनी तिची एक सवयही मोडली. ती चढाच्या मध्यावर, उभी राहून जोर लावताना गिअर बदलायची. गिअर चढ सुरू व्हायच्या आधी, पॅडल हलकं फिरवत बदलायचा.

आपल्याकडे लाल चिखल फार. चेनमध्ये आणि मागच्या डिरेलरच्या स्प्रिंगमध्ये तो वाळला की कड्या आखडतात. जुन्या टूथब्रशनं घासा, फडक्यानं कोरडं करा, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब टाका आणि वरचं तेल पुसून घ्या. शिलाई मशीनचं तेल चालतं, फक्त पावसात लवकर धुऊन जातं. गोडं तेल नको, ते चिकट होतं.

आणि हे मुलींना नक्की सांगा : चेन चढवताना ओढणी खोचून घ्यायची. साध्या सायकलला चेन आधी मागच्या दात्यांवर, मग पुढच्या चाकाच्या खालच्या दात्यांत अडकवायची आणि पॅडल हातानं हळूच उलटं फिरवायचं. गिअरच्या सायकलला मागचा डिरेलर पुढे ढकलला की चेन ढिली मिळते. दाते आणि चेन यांच्यामध्ये बोट कधीच घालायचं नाही, काडी वापरायची.

1990 नंतरच्या दोन-तीन वर्षांत तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेतून हजारो खेडूत बायका सायकल शिकल्या. चालवणं त्यांनी करून दाखवलं, दुरुस्ती आपण शिकू. आमच्या गटानं एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, ब्रश आणि तेलाची बाटली घेतली आहे. पेटी बैठकीच्या घरी असते, ज्या पोरीला हवी तिनं यावं.

ती पोरगी आता दहावीला जाईल. परवा आजीच मला म्हणाली, “बाई, शेजारच्या पोरीच्या सायकलीचंबी तेवढं बघा की.” मी विचारलं, “आजी, चेन कुठल्या अंगाला पडतीया?” आजी म्हणाली, “ते बघूनच आलोय.”